पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं: ऑक्युलर मायस्थेनियाची अँटिबॉडी तपासणी, सॅम्पलपासून रिपोर्टपर्यंत

सकाळी आरशात दोन्ही डोळे सारखे उघडे असतात. संध्याकाळपर्यंत एक पापणी बाहुलीवर उतरलेली असते. जिना उतरताना एका पायरीच्या दोन दिसतात, आणि कुठलाही एक डोळा झाकला की दुसरी पायरी नाहीशी होते. दुखत काही नाही, डोळा लाल नाही, थोडी झोप काढली की पुन्हा ठीक. अशा तक्रारीत आधी चष्मा बदलला जातो, मग थेंब घालून पाहिले जातात, आणि यात महिने निघून जातात.

ही लक्षणं ऑक्युलर मायस्थेनियाची असू शकतात. म्हणजे मायस्थेनिया ग्रॅव्हिस हा स्वयंप्रतिकार आजार, पण अजून डोळ्यांच्या स्नायूंपुरताच मर्यादित. निदानासाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासतात. या तपासणीबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: लक्षणं जुळत असताना ती पॉझिटिव्ह आली तर निदान जवळजवळ पक्कं होतं, पण निगेटिव्ह आली म्हणून आजार नाही असं ठरत नाही. आजार शरीरभर पसरलेला असेल तर शंभरातल्या सुमारे ८५ जणांत मुख्य अँटिबॉडी सापडते. फक्त डोळ्यांपुरता असेल तर साधारण निम्म्यांतच. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन ‘चला, ते नाही’ म्हणत घरी परतलेल्या रुग्णाचं यात मोठं नुकसान होतं, आणि ते टाळण्यासारखं असतं.

रक्त देण्याआधी: हे थांबण्यासारखं आहे का?

अँटिबॉडीचा रिपोर्ट यायला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे ज्या कारणांना इतका वेळ देता येत नाही ती आधी बाजूला काढायची.

पडलेल्या पापणीच्या डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा मोठी झाली असेल आणि डोकं प्रचंड दुखत असेल, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा डोळा आणि पापणी हलवणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूवर दाब देत असू शकतो. बाहुली उलट लहान झाली असेल आणि मान किंवा चेहऱ्याची एक बाजू दुखत असेल, तर मानेतल्या मोठ्या रोहिणीचा आतला थर फाटलेला असू शकतो. पन्नाशीनंतर नव्याने डोकं दुखू लागलं, चावताना जबडा भरून येऊ लागला आणि दोन दिसू लागले, तर रोहिण्यांची सूज शोधावी लागते, कारण तिच्यात दृष्टी कायमची जाऊ शकते. ही तिन्ही कामं तातडीच्या विभागाची आहेत, आणि तीही त्याच दिवशी. मायस्थेनियात बाहुलीचा आकार बदलत नाही, डोळा दुखत नाही, चेहरा बधिर होत नाही. म्हणून सगळ्यात आधी दोन्ही बाहुल्या पाहायच्या.

गिळताना ठसका लागणं, बोलता बोलता आवाज नाकातून येणं, आडवं पडल्यावर धाप लागणं, मान धरून ठेवता न येणं यांपैकी काहीही असेल तर आजार डोळ्यांपुरता उरलेला नाही. अशा वेळी रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालयात जायचं.

आठवडाभराची नोंद आणि बर्फ

तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सगळ्यात जास्त मदत होते ती फोटोंची. सलग सात दिवस, उठल्या उठल्या आणि रात्री झोपण्यापूर्वी, एकाच जागी, एकाच उजेडात, कपाळ सैल सोडून समोर बघत फोटो काढायचा. कपाळाचं मुद्दाम सांगतो, कारण पापणी पडू लागली की माणूस नकळत भुवई वर ताणतो आणि फोटोत पापणी आहे त्यापेक्षा वर दिसते. एकदा मान न हलवता छताकडे एक मिनिट एकटक बघायचं आणि त्याचा व्हिडिओ घ्यायचा. मायस्थेनियात पापणी त्या मिनिटात हळूहळू खाली येताना दिसते. दोन दिसत असतील तर एक डोळा झाकून पाहायचं. एकच डोळा उघडा असतानाही दोन दिसत असतील तर दोष बहुधा त्या डोळ्यातच आहे, मोतीबिंदू किंवा कॉर्नियाचा, आणि तिथे अँटिबॉडी तपासून काही हाती लागत नाही.

बर्फाची चाचणी साधी आहे आणि पडलेल्या पापणीसाठी फार उपयोगी आहे. ती दवाखान्यात करणं चांगलं. रुग्ण समोर बघत असताना वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजतात. मग डोळा मिटवून, पातळ कापडात किंवा हातमोज्यात घातलेला बर्फ पापणीवर दोन मिनिटं धरतात. बर्फ काढला की लगेच पुन्हा मोजतात, कारण फरक फार वेळ टिकत नाही. अंतर २ मिलिमीटर किंवा अधिक वाढलं तर चाचणी पॉझिटिव्ह. पाचावरून सातावर जाणारी पापणी समोर बसलेल्या नातेवाइकालाही दिसते. थंडाव्याने स्नायूतलं अ‍ॅसिटिलकोलीन (मज्जातंतूचा निरोप स्नायूला देणारं रसायन) तोडणारं एन्झाइम मंदावतं, म्हणून हे घडतं. पापणी पूर्ण मिटलेली असेल तर मात्र निकालावर फार भरवसा ठेवू नये.

तपासणी नेमकं काय शोधते

मज्जातंतूच्या टोकातून अ‍ॅसिटिलकोलीन सुटतं, स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं आणि स्नायू आकुंचन पावतो. या आजारात शरीर त्या रिसेप्टरविरुद्धच अँटिबॉडी तयार करतं. त्या तीन प्रकारे नुकसान करतात: रिसेप्टरची जागा अडवतात, दोन रिसेप्टर एकमेकांना बांधून त्यांना पेशीच्या आत ओढून नष्ट करायला लावतात, आणि कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना बोलावून स्नायूचा तो पृष्ठभागच खराब करतात. डोळ्यांचे स्नायू दिवसभर न थांबता काम करतात आणि त्यांच्या जोडांवर राखीव क्षमता कमी असते, म्हणून थकवा आधी तिथे दिसतो. आणि थोड्याशा अँटिबॉडीही तिथे पुरतात. इतक्या थोड्या, की तपासणीच्या पकडीत येऊ नयेत. निम्मे रिपोर्ट निगेटिव्ह का येतात त्याचं हे एक मोठं कारण.

या अँटिबॉडी शोधण्याची रीत एका सापाच्या विषावर उभी आहे. मण्यारीच्या एका जातीच्या विषातलं अल्फा-बंगारोटॉक्सिन रिसेप्टरला घट्ट चिकटून बसतं. त्याला किरणोत्सारी आयोडीन जोडतात, ते रिसेप्टरला चिकटवतात आणि त्यात रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पातळ भाग, मिसळतात. सीरममध्ये अँटिबॉडी असतील तर त्या रिसेप्टरसकट खाली बसतात आणि गाळातला किरणोत्सार मोजून आकडा मिळतो. १९७६ पासून रुग्णांच्या निदानासाठी वापरात असलेली ही पद्धत, रेडिओइम्युनोअ‍ॅसे, अजूनही चांगल्या दर्जाची मानली जाते. किरणोत्सारी पदार्थ हाताळायची सोय नसलेल्या लॅब एलायझा ही रंगावरून मोजणारी पद्धत वापरतात. तिसरी पद्धत पेशींवर आधारित आहे. तीत प्रयोगशाळेतल्या पेशींच्या पृष्ठभागावर रिसेप्टर स्नायूतल्यासारखे दाटीने बसवतात, आणि पहिल्या दोन पद्धतींतून निसटलेल्या काही अँटिबॉडी तिथे सापडतात.

कोणती तपासणी, कोणत्या क्रमाने

पहिली मागणी अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टर ‘बाइंडिंग’ अँटिबॉडीची. काही लॅब तिच्याबरोबर ‘ब्लॉकिंग’ आणि ‘मॉड्युलेटिंग’ असे आणखी दोन प्रकार देतात. मॉड्युलेटिंगमुळे थोडे जास्त रुग्ण सापडतात. ब्लॉकिंग एकटीच पॉझिटिव्ह येणं दुर्मीळ आहे. तिन्हींचं पॅकेज पहिल्याच दिवशी घ्यायलाच हवं असं नाही. बाइंडिंग पॉझिटिव्ह आली तर पुढच्या दोन्हींनी निदानात काही भर पडत नाही.

बाइंडिंग निगेटिव्ह आली तर मस्क (रिसेप्टर एकत्र धरून ठेवायला मदत करणारं स्नायूवरचं प्रथिन) याविरुद्धची अँटिबॉडी. ही २००१ मध्ये सापडली. मस्कचे रुग्ण बहुधा गिळणं, बोलणं आणि मान यांच्या अशक्तपणाने येतात. नुसत्या डोळ्यांच्या आजारात ती क्वचित सापडते. तरीही ती करावी असं आमचं मत आहे, कारण पॉझिटिव्ह आली तर उपचारांची दिशाच बदलते: नेहमीची पायरिडोस्टिग्मिन (तेच एन्झाइम रोखून स्नायूंना बळ देणारी गोळी) अशा रुग्णांना अनेकदा मानवत नाही. त्यानंतर पेशींवर आधारित तपासणी, आणि जिथे सोय असेल तिथे एलआरपी४ या मस्कच्या जोडीदार प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी. टायटिनसारख्या स्नायूंच्या अँटिबॉडी वेगळ्या कामाच्या आहेत. तरुण रुग्णात त्या सापडल्या तर थायमस या छातीच्या हाडामागच्या ग्रंथीतल्या गाठीची शंका बळावते, पण मायस्थेनियाचं निदान त्यांच्यावरून करत नाहीत.

लक्षणं नसताना केवळ मनाची खात्री म्हणून ही तपासणी करू नये. समजा, शंभर निरोगी माणसांत एकाला चुकून पॉझिटिव्ह येते. मग डोळे थकतात एवढ्याच कारणासाठी हजार जणांची तपासणी केली तर दहा जणांच्या हाती खोटा रिपोर्ट पडेल, आणि त्या हजारांत खरा रुग्ण कदाचित एकही नसेल.

सॅम्पल देताना

उपाशी राहायची गरज नाही. हाताच्या शिरेतून साधारण ५ मिलिलिटर रक्त साध्या लाल किंवा जेल असलेल्या पिवळ्या टोपणाच्या नळीत घेतात. तपासणी सीरमवर होते, म्हणून रक्त गोठू द्यावं लागतं: सुमारे अर्धा तास नळी उभी ठेवून मग सेंट्रिफ्यूज, आणि वरचं पिवळसर सीरम वेगळं काढायचं. पुढच्या लॅबला पाठवेपर्यंत ते २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. जास्त दिवस ठेवायचं तर गोठवून. बिघाड होतो तो रक्तपेशी फुटून सीरम लालसर झाल्याने, ते चरबीने दुधाळ असल्याने, किंवा पुन्हा पुन्हा गोठवून वितळवल्याने. सॅम्पल नाकारलं असा निरोप आला तर बहुतेकदा यांतलंच एखादं कारण असतं. रक्त पुन्हा द्यायचं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

खरी काळजी घ्यायची ती वेळेची. रक्त उपचारांच्या आधी काढायचं. पायरिडोस्टिग्मिन सुरू असेल तर अँटिबॉडीच्या आकड्यावर तिचा परिणाम होत नाही, ती या तपासणीसाठी थांबवू नये. बाकीच्या उपचारांचं तसं नाही. प्लाझ्मा बदलताना अँटिबॉडी रक्ताबरोबर निघून जातात आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर हजारो दात्यांच्या अँटिबॉडी शरीरात येतात. त्यांतल्या एखाद्या अँटिबॉडीमुळे खोटा पॉझिटिव्ह येण्याची शक्यता राहते, आणि त्या अर्ध्या व्हायलाच सुमारे तीन आठवडे लागतात. स्टिरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घेतल्यावर आकडा खाली येतो. तातडीने उपचार द्यावे लागले तर पहिल्या डोसाआधी एक जादा नळी भरून सीरम गोठवून ठेवायला सांगावं. नंतर मस्क किंवा पेशींवर आधारित तपासणी करायची वेळ आली की हीच नळी कामाला येते.

आणखी दोन गोष्टी लॅबला सांगाव्यात. गेल्या एक-दोन दिवसांत भूल देताना स्नायू शिथिल करणारं औषध दिलं असेल तर ब्लॉकिंग आणि मॉड्युलेटिंगचा निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. नुकतंच किरणोत्सारी द्रव्य देऊन स्कॅन झालं असेल तर रेडिओइम्युनोअ‍ॅसेत गडबड होते. ही माहिती फॉर्मवर लिहिली नाही तर लॅबला कळायचा दुसरा मार्ग नसतो.

रिपोर्ट वाचताना

पहिल्यांदा पद्धत पाहायची, मग एकक, मग त्या लॅबची स्वतःची मर्यादा. बाइंडिंगचा आकडा नॅनोमोल प्रति लिटरमध्ये येतो. अनेक लॅब ०.२५ च्या खाली निगेटिव्ह, ०.२५ ते ०.४० सीमेवर आणि त्याच्या वर पॉझिटिव्ह धरतात. काहींची मर्यादा ०.०२ इतकी खाली असते. म्हणून एका लॅबचा ०.३ दुसऱ्या लॅबच्या ०.३ शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ब्लॉकिंग आणि मॉड्युलेटिंग टक्क्यांत येतात.

लक्षणं जुळत असताना आकडा मर्यादेच्या बराच वर असेल तर निदानासाठी पुढचं काही लागत नाही. अगदी सीमेवरचा किंवा किंचित वरचा आकडा असेल, विशेषतः एलायझाने आलेला, तर तो रेडिओइम्युनोअ‍ॅसेने किंवा पेशींवर आधारित पद्धतीने पुन्हा पाहावा. मायस्थेनिया नसतानाही कमी पातळीच्या अँटिबॉडी कधी कधी थायमसची गाठ, यकृताचे स्वयंप्रतिकार आजार, ल्युपस किंवा पेनिसिलामाइन हे औषध घेणाऱ्यांत सापडतात. कर्करोगासाठी चेकपॉइंट इनहिबिटर (प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारी औषधं) सुरू असलेल्या माणसाची पापणी पडली तर गोष्ट वेगळी. तिथे आजार खरा असतो, वेगाने वाढतो आणि हृदयाच्या स्नायूलाही सूज येऊ शकते, म्हणून त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावं.

आता आकड्याबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज. १२ आला म्हणून आजार ३ वाल्यापेक्षा चौपट गंभीर, असं नाही. खूप मोठा आकडा असलेल्या रुग्णाची फक्त पापणी पडलेली असते, आणि छोट्या आकड्याचा रुग्ण अतिदक्षता विभागात असू शकतो. त्यामुळे दर महिन्याला आकडा मोजून औषध वाढवणं-कमी करणं चुकीचं आहे. उपचार लक्षणांवर ठरतात.

निगेटिव्ह आली तर

वैद्यकीय शंका कायम असेल तर पुढची पायरी सिंगल फायबर ईएमजी, म्हणजे स्नायूतले विजेचे संकेत मोजणारी चाचणी. कपाळाच्या किंवा डोळ्याभोवतीच्या स्नायूत बारीक सुई घालून एकाच मज्जातंतूशी जोडलेल्या दोन स्नायुतंतूंच्या वेळेतला फरक मोजतात. ऑक्युलर मायस्थेनियासाठी ही सर्वांत संवेदनशील चाचणी आहे. तिचा दोष उलट दिशेचा: इतर मज्जातंतूंच्या आणि स्नायूंच्या आजारांतही ती बिघडलेली येते, शिवाय ती करणारा अनुभवी हात लागतो. हातापायांवर मज्जातंतूला पुन्हा पुन्हा उत्तेजन देऊन करतात ती चाचणी डोळ्यांपुरत्या आजारात अनेकदा नॉर्मल येते. तिच्या नॉर्मल निकालावर समाधान मानू नये. या दोन्ही चाचण्यांपूर्वी पायरिडोस्टिग्मिन साधारण १२ तास थांबवतात, पण तेही डॉक्टरांनी सांगितलं तरच.

ईएमजीही नॉर्मल असेल आणि तक्रार दिवसाच्या वेळेनुसार बदलत नसेल, तर दुसरीकडे पाहायचं. वर्षानुवर्षं दोन्ही पापण्या हळूहळू उतरत गेल्या, डोळे सगळ्या दिशांनी कमी फिरू लागले पण दोन फारसे दिसत नाहीत, तर मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांचा) आजार असू शकतो. वयोमानाने पापणी उचलणारा स्नायुबंध सैल झाला असेल तर पापणी पडते, पण डोळ्याची हालचाल नॉर्मल राहते. वयात येण्यापूर्वीच्या मुलांमध्ये अँटिबॉडी निगेटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं. जन्मापासून किंवा तान्हेपणापासून त्रास असेल, भावंडांतही असेल, तर जन्मजात मायस्थेनिक सिंड्रोमची जनुकीय तपासणी करतात, कारण त्यात अँटिबॉडी नसतातच.

लक्षणं चालूच राहिली तर अँटिबॉडी सहा महिने ते वर्षभराने पुन्हा तपासाव्यात. सुरुवातीला निगेटिव्ह असलेले काही रुग्ण पुढे पॉझिटिव्ह होतात.

थायरॉइडची तपासणी सोबतच

थायरॉइडच्या स्वयंप्रतिकार आजारातही डोळ्यांचे स्नायू सुजतात आणि एकाचे दोन दिसतात. तिथे पापणी सहसा वर खेचलेली असते, डोळा पुढे आलेला दिसतो आणि दोन दिसणं सकाळी उठल्यावर जास्त असतं. मायस्थेनियात हे नेमकं उलट. हे दोन्ही आजार एकाच माणसात एकत्र असू शकतात, म्हणून टीएसएच, फ्री टी४ आणि टीएसएच रिसेप्टर अँटिबॉडी त्याच वेळी करून घ्याव्यात. थायरॉइडने डोळे मोठे झालेल्या माणसाची पापणी पडू लागली तर ते थायरॉइडवर ढकलू नये. तिथे मायस्थेनिया शोधलाच पाहिजे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर त्या थायरॉइडच्या काही तपासण्यांचे आकडे बिघडवतात. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात आणि डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारावं.

पॉझिटिव्ह आली तर लगेच काय

छातीचा सीटी स्कॅन, थायमस पाहण्यासाठी. मायस्थेनियाच्या सुमारे १० ते १५ टक्के रुग्णांत थायमसची गाठ असते. डोळ्यांपुरत्या आजारात हे प्रमाण कमी, पण शून्य नाही. साध्या एक्स-रेत लहान गाठ दिसत नाही. अँटिबॉडी निगेटिव्ह असूनही इतर चाचण्यांनी निदान ठरलं असेल, तरी हा स्कॅन करतात.

औषधांची यादी त्याच दिवशी तपासून घ्यावी. सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांच्या गटातली अँटिबायोटिक, बीटा ब्लॉकर (रक्तदाब आणि हृदयासाठीची औषधं), शिरेतून दिलं जाणारं मॅग्नेशियम, क्विनीन आणि बोट्युलिनमची इंजेक्शनं मायस्थेनिया वाढवू शकतात. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब हेही बीटा ब्लॉकरच आहेत, आणि डोळ्यात घालायचे थेंब म्हणून औषधांच्या यादीत ते सांगायचे नेमके राहून जातात. चालू औषध मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरांना विचारून बदलून घ्यायचं.

डोळ्यांपासून सुरू झालेला आजार निम्म्याहून अधिक रुग्णांत पुढे शरीरभर पसरतो, बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत. अँटिबॉडी पॉझिटिव्ह असलेल्यांत ही शक्यता जास्त. या काळात आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, थकलेल्या अवस्थेत तीन गोष्टी करून पाहायच्या: एका श्वासात एकपासून किती अंक मोजता येतात, हात समोर ताठ धरून किती वेळ ठेवता येतात, आणि जेवणाच्या शेवटच्या घासांना जबडा थकतो का. आकडे तारखेसह वहीत लिहायचे. एका श्वासात पस्तीसपर्यंत जाणारी मोजणी काही दिवसांत वीसवर आली, किंवा पाणी नाकातून येऊ लागलं, तर सकाळची वाट न पाहता, त्याच रात्री, ही वही आणि अँटिबॉडीचा रिपोर्ट घेऊन रुग्णालय गाठायचं.